पीसी-९८ ची गाणी वाजतात पण ड्रम गायब! मदत हवी आहे, शनिवारच्या आत

ठोकताल
कालपासून डोकं धरून बसलोय. पीसी-९८ या जुन्या जपानी कॉम्प्युटरवरच्या गेम्सची गाणी लॅपटॉपवर लावतोय. सूर येतात, बास येतो, फक्त ड्रम नाहीत. मागे नुसतं फुस्स फुस्स. यूट्यूबवर त्याच गाण्यात ढुम्म-ताड अगदी खणखणीत आहे. हेडफोन बदलून झाले, स्पीकर बदलून झाले, साउंड ड्रायव्हर दोनदा टाकून झाला. शनिवारी जपानीच्या क्लासात यावर दहा मिनिटं बोलायचंय आणि गाणी ऐकवायची आहेत. कृपया 'गूगल करा' म्हणू नका, केलंय.

खोबरेल
कुठली फाइल? कशात लावताय? विंडोज की आणखी काही? डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणण्यातली गत आहे ही.

निवांत_नाना
यूट्यूबवर ड्रम आहेत ना? मग यूट्यूबवरच लावा. शनिवार सुटला.

ठोकताल
नाना, क्लासात नेट धड चालत नाही. आणि एकेक वाद्य बंद-चालू करून दाखवायचंय, ते यूट्यूबवर कसं करू? विंडोज १०. साधी गाण्याची फाइल आहे.

खोबरेल
साधी म्हणजे कसली? नावाच्या शेवटी टिंबानंतर काय आहे?

ठोकताल
एम. नुसतं एम. प्लेअर एफएमपीएमडी २०००. त्याचे मेनूही वाचता येत नाहीत, सगळी भुताटकीची अक्षरं.

खोबरेल
हे पहिल्याच ओळीत लिहिलं असतंत तर! .एम म्हणजे पीएमडीची फाइल, पीएमडी हा पीसी-९८ वर गाणी रचायचा-वाजवायचा प्रोग्राम. त्यात आवाज नसतोच, फक्त कुठल्या क्षणी कुठला सूर लावायचा याची यादी असते. म्हणून तर अख्खं गाणं काही किलोबाइटमध्ये मावतं. आवाज काढायचा तो यामाहाच्या चिपने, आणि तुमच्या लॅपटॉपवर त्या चिपची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने.

सहा_चॅनल
माझा अनुभव सांगतो. फूबार २००० हा प्लेअर घ्या, त्यात गेम एमु प्लेअरचा कंपोनंट टाका, विषय संपला. माझी सुपर फॅमिकॉमची (निन्टेन्डोचं गेम मशीन) सगळी गाणी त्यात आहेत. एक टिप: पॅक .आरएसएन नावाने आला तर घाबरू नका, ती रार फाइलच असते. नाव बदलून .रार करा, आत .एसपीसी निघतात. प्रत्येक एसपीसी साधारण ६६ केबी, कारण त्या साउंड चिपची ६४ केबी मेमरी जशीच्या तशी उचलून ठेवलेली असते.

खोबरेल
त्यांच्याकडे एसपीसी नाहीये हो. तुमचा कंपोनंट .एम ओळखणारही नाही.

सहा_चॅनल
पुढे कोणाला तरी उपयोग होईल म्हणून लिहिलं. बाय द वे, माझी गाणी संपतच नाहीत, फिरून फिरून पहिल्यापासून सुरू होतात. कुणाला माहीत आहे का?

भोवरा
वा, काय आठवणी काढल्यात! आमच्याकडे टीव्हीला लावायचा डबा होता. कॅसेटवर '९९९९ इन १' लिहिलेलं आणि आत जेमतेम दहा-बारा गेम. चालली नाही की काढायची, खालून फूंऽऽ करून फुंकर मारायची, परत घालायची. आई म्हणायची, थुंकी उडवून उडवूनच बिघडवलास.

फुस्सफुस्स
भोवरा, तुमचा डबा म्हणजे निन्टेन्डोच्या १९८३ च्या जपानी गेम मशिनची, फॅमिकॉमची, भ्रष्ट नक्कल. कॅसेट ६० पिनांची होती ना? तेच मशीन अमेरिकेत एनईएस नावाने, त्याची ७२ पिनांची. जपानी मशिनमध्ये कॅसेटला स्वतःचा आवाज मिसळता यायचा. म्हणून १९८९ च्या 'आकुमाजो देन्सेत्सु'मध्ये कोनामीने व्हीआरसी६ चिप घालून तीन आवाज वाढवले, दोन पल्स आणि एक सॉटूथ (हे लहरींचे आकार). तोच गेम अमेरिकेत 'कॅसलव्हेनिया ३' म्हणून गेला तो या तीन आवाजांशिवाय. दोन्ही पाठोपाठ ऐका, अमेरिकन गाणं उपाशी वाटतं.

ठोकताल
मंडळी, माझे ड्रम.

फुस्सफुस्स
हो हो. ड्रम नसणं हा बिघाडच आहे असं धरून का चाललात? पीसी-९८ ला साउंड कार्ड वेगवेगळी असायची. २६के कार्डावर यामाहाची वायएम२२०३ चिप, म्हणजे तीन एफएम (गणिताने घडवलेले) आवाज, तीन एसएसजी (साधे बीप आणि खरखर), एवढंच. त्यात ड्रमची वेगळी सोयच नाही. एसएसजीच्या खरखरीतून ताल काढायचा. तुमचं फुस्स फुस्स तेच. गाणं २६के साठीच लिहिलेलं असेल तर तुम्ही ऐकताय तेच खरं, यूट्यूबवाल्याने ८६ या दुसऱ्या कार्डाची आवृत्ती लावलीय.

खोबरेल
किंवा गाणं ८६ कार्डाचंच आहे आणि ड्रम खरोखर गायब आहेत. ठोकताल, प्लेअरच्या खिडकीत रिदमची, म्हणजे ड्रमची, ओळ हलते का?

ठोकताल
हलते. नाचते. आवाज शून्य.

खोबरेल
मग फुस्सफुस्स यांचं आज चुकलं. ८६ कार्डावर वायएम२६०८. त्या चिपच्या पोटातच रॉममध्ये सहा तालवाद्यांचे नमुने कोरलेले आहेत: बास ड्रम, स्नेअर, टॉप सिंबल, हाय-हॅट, टॉम, रिम शॉट. तुमचा प्लेअर चिपची नक्कल करतो एफएमजेन या कोडने. ते एफएमचा आवाज गणिताने काढतं, पण हे सहा नमुने गणितातून येत नाहीत. ते वेगळ्या वेव्ह फाइलींतून द्यावे लागतात. नावं ठरलेली: २६०८_बीडी, २६०८_एसडी, २६०८_टॉप, २६०८_एचएच, २६०८_टॉम, २६०८_रिम. अर्थात रोमन लिपीत. प्लेअरची पीएमडीविन नावाची डीएलएल फाइल आहे त्याच फोल्डरमध्ये ठेवा, प्लेअर बंद करून परत उघडा. लिंक मागू नका, यामाहाच्या चिपमधला माल आहे तो.

सहा_चॅनल
यापेक्षा त्याच गाण्याची व्हीजीएम फाइल शोधा. व्हीजीएमप्ले या प्लेअरमध्ये हे नमुने आधीच आत असतात, काही टाकावं लागत नाही.

फुस्सफुस्स
व्हीजीएम म्हणजे चिपला गेलेल्या आकड्यांची नुसती नोंद. पीएमडी हे संगीतकाराच्या हातचं. शिकवायचं असेल तर पीएमडीच.

सहा_चॅनल
क्लासातल्या पोरांना काय फरक पडतो? ड्रम वाजल्याशी मतलब.

फुस्सफुस्स
मग नानांचं यूट्यूब काय वाईट?

निवांत_नाना
+१

योकोहामावाली
ठोकताल, ती भुताटकीची अक्षरं शिफ्ट-जिस आहेत, म्हणजे जपानी अक्षरं साठवायची जुनी पद्धत. कंट्रोल पॅनेल, रीजन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह, तिथे सिस्टिम लोकेल जपानी करा आणि लॅपटॉप परत चालू करा. मग काही जुन्या खिडक्यांत फाइलच्या पत्त्यातल्या तिरप्या रेघेच्या जागी येनचं चिन्ह दिसेल. व्हायरस नाही तो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पैसे कापले की काय वाटून नवऱ्याला उठवलं होतं.
अवांतर: टोकियोतल्या अकिहाबारात सुपर पोटॅटो या जुन्या गेम्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर जुनी मशिन चालू असतात. इकडे आलात तर नक्की जा.

ठोकताल
मेनू वाचता आले, ताई, आभार! सहा फाइली मिळाल्या, टाकल्या. तरी ड्रम नाहीत. आता हे मशीनच खिडकीतून टाकतो.

खोबरेल
सहाच्या सहा आहेत? एफएमजेन एक नंबर हट्टी आहे. एक जरी वाचता आली नाही तरी बाकीच्या पाचही टाकून देतो. आणि मोनो हव्यात, स्टिरिओ चालत नाहीत.

ठोकताल
सहा आहेत, मोजल्या. मोनो आहेत, बघितलं. पाच एका ठिकाणी मिळाल्या, रिमची दुसरीकडून घेतली. तिचं नाव भलतंच होतं म्हणून मी बदललं.

योकोहामावाली
बदलताना शेवटी .वेव्ह टाइप केलंत का? फोल्डरमध्ये व्ह्यूमध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करा आणि परत बघा.

ठोकताल
😑
२६०८_रिम.वेव्ह.वेव्ह

ठोकताल
वाजले!!! एक 'वेव्ह' खोडला, प्लेअर परत उघडला आणि पहिल्याच सेकंदाला ढुम्म. हेडफोन काढून ठेवलेले, आवाज पूर्ण. आजी देवघरातून बाहेर आली. खोबरेल, योकोहामावाली ताई, दोघांना मिसळ माझ्याकडून. आता रिदम बंद करून गाणं लावलं की कालचं तेच फुस्स फुस्स येतं. शनिवारी तेच आधी ऐकवतो, मग ड्रम चालू करतो.

फुस्सफुस्स
अभिनंदन. क्लासात मेगाड्राइव्हचंही (सेगाचं गेम मशीन) सांगा. त्यातली वायएम२६१२ याच घराण्यातली, सहा एफएम, पण पोटात ड्रम नाहीत. तिथे सहावा एफएम आवाज सोडून त्या जागी ड्रमचे नमुने वाजवतात. १९९१ च्या त्यावरच्या 'बेअर नकल' गेमचं संगीत युझो कोशिरो यांनी पीसी-८८ या जुन्या कॉम्प्युटरवर बसून मजकूर टाइप करत केलं. कीबोर्ड होता, पण पियानोचा नाही.

सहा_चॅनल
माझी गाणी अजून फिरतायत.

खोबरेल
मूळ गेममध्ये ती थांबतच नाहीत, फाइलमध्ये कशी थांबतील? किती वेळाने आवाज उतरवायचा ते टॅगमध्ये लिहिलेलं असतं, नसेल तर कंपोनंटच्या सेटिंगमध्ये वेळ टाका.

भोवरा
धागा वाचून माळ्यावर चढलो. डबा सापडला! ॲडाप्टर मात्र नाही. कुठला लावू?

खोबरेल
कुठला डबा? खाली व्होल्ट किती लिहिलेत?

भोवरा
काळा आहे.