'लाउतार'ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा
एका कार्यक्रमाची माहिती मराठीत करते आहे. रोमानियात याश जिल्ह्यात झेचे प्रझिनी नावाचं रोमा लोकांचं छोटं गाव आहे. १९९६ मध्ये एक जर्मन ध्वनितंत्रज्ञ तिथे पोचला आणि गावात लग्नाला, मयतीला वाजवणारी माणसं 'फानफारे चोकर्लिया' या नावानं जगभर फिरू लागली. फानफारे म्हणजे पितळी बँड, चोकर्लिया म्हणजे चंडोल. इथवर ठीक. पण रोमानियनमध्ये हे वादक म्हणजे 'लाउतार'. 'जिप्सी बँडवाले' लिहू का?

प्रतिसाद
'जिप्सी' नको. हे लोक इजिप्तचे, या गैरसमजातून तो शब्द आला. 'रोमा'चं मूळ बहुतेक अभ्यासक आपल्या 'डोंब'मध्ये शोधतात. म्हणजे नातं डोंबाऱ्याशी.
'लाउतार' आला 'लाउता'वरून. लाउता म्हणजे ल्यूट, आणि ल्यूट म्हणजे अरबी 'अल-ऊद'. मुळात तंतुवाद्यवाला. पण ट्यूबासारखं पितळी वाद्य फुंकणाराही लाउतारच. शाई म्हणजे खरं तर काळी, तरी आपण लाल शाई म्हणतोच की. मी 'वाजंत्री' लिहीन.

प्रतिसाद
वाजंत्री म्हटलं की सनई-संबळ ऐकू येतं हो. पितळ ऐकू येत नाही. सरळ 'बँडवाले' करा.

विचारणारी
बँडवाले म्हटलं की माझ्यापुढे लाल कोट, खांद्यावर झालर आणि पोचे पडलेलं युफोनियम येतं. पोचे तिकडेही असतील, पण कोट नाही. शिवाय हे नोटेशन न वाचता, बापाचं ऐकून पोरानं उचललेलं वादन. 'वाजंत्री'त तो पिढीजातपणा आहे.

प्रतिसाद
आहे, पण त्याला जोडून 'बलुतेदार' लिहू नका, मोह होईल. मोल्दाविया, म्हणजे याश ज्यात येतं त्या जुन्या संस्थानातल्या जमीनदारांकडचे रोमा गुलाम होते, १८५५ मध्ये सुटले. बलुत्यावर हक्क सांगता येतो, गुलाम कसला हक्क सांगणार?
गावाच्या नावाचंही भाषांतर द्या. 'झेचे' म्हणजे दहा. 'प्रझिना' म्हणजे लांब काठी, आणि जमीन मोजायचं मापही. आपल्याकडे वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा. तेव्हा 'दहा काठ्या'! असं हुबेहूब क्वचितच जुळतं.

विचारणारी
वा! मग पहिल्यांदा 'पितळी बँडचे वाजंत्री', पुढे नुसते 'वाजंत्री'. आता एकच. लग्नात खुशीत आलेला पाहुणा वादकाच्या कपाळाला नोट चिकटवतो, त्याला 'दौलतजादा' चालेल?

प्रतिसाद
त्यानं थेट तमाशाच्या फडात जाल. रोमानियनमध्ये वरखुशीच्या पैशाला 'बक्शीश' म्हणतात. फारसीतून तुर्कांबरोबर तिकडे गेला, इकडे आपल्याकडे आला. 'बक्षिसी' लिहा, भाषांतर करायलाच नको.