मदत हवी आहे: २१४७४८३६४७ च्या भाजकांमध्ये ८ कुठून आला?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, साखर पेठेतला. पुतणी अकरावीत आहे. तिने विचारलं, "काका, २१४७४८३६४७ मूळ संख्या आहे हे संगणक नसताना कसं कळलं?" ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्येच ती मूळ असल्याचं दाखवलं होतं.

तिचं वर्गमूळ ४६३४० च्या थोडं पुढे जातं, म्हणजे तिथपर्यंतच भाजक शोधायचे. मूळ भाजक असलाच तर त्याला ६२ ने भागून बाकी १ उरते, हे फर्माच्या छोट्या प्रमेयावरून पटलं (मूळ संख्या p ने a ला भाग जात नसेल, तर a च्या p−१ व्या घाताला p ने भागून बाकी १ उरते). उरले ७४७ उमेदवार. (उन्हाळ्यात, लाइट गेलेली असताना हे हाताने केलंय, चूक असल्यास सांगा.)

पण त्याच भाजकाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते म्हणतात, आणि उमेदवार थेट निम्मे होतात. २ चा ११ वा घात वजा १, म्हणजे २०४७ = २३ × ८९, यावर करून पाहिलं, २३ ची बाकी ७, ८९ ची १. जमतंय! २ च्या ३२ व्या घाताला त्या भाजकाने भागून बाकी २ उरते, म्हणजे त्या भाजकाच्या हिशेबात तो २ च्या बरोबरीचा, म्हणून २ हा तिथे कुणाचा तरी वर्ग ठरतो, इथवर आलो. मग ८ कसा येतो? अकरावीच्या पोरीला झेपेल अशी सिद्धता कुणी सांगेल का? नुसतं प्रमेयाचं नाव नको, ते तिला चालत नाही.