प्रतिपिंडे असूनही फ्लू पुन्हा का होतो?

प्रश्न (शिक्षिका, पंचवटी):
नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला जीवशास्त्र शिकवते. प्रतिपिंड (शरीर तयार करते ते संरक्षक प्रथिन) आणि प्रतिजन (ते ज्याला चिकटते तो विषाणूचा भाग) यांचे नाते आपण कुलूप-किल्लीच्या उदाहरणाने सांगतो. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले की, किल्ली एकदा तयार झाली म्हणजे झाली, तर गोवराची लहानपणची लस जन्मभर पुरते आणि फ्लूची मात्र दरवर्षी का घ्यावी लागते? ‘फ्लूचा विषाणू बदलतो’ एवढ्या उत्तराने तिचे समाधान झाले नाही, आणि खरे तर माझेही झाले नाही.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, सूक्ष्मजीवशास्त्र, गंगापूर रोड):
मॅडम, गोवराचा विषाणूही फ्लूप्रमाणे आरएनए या जनुकीय द्रव्याचाच आहे आणि त्याच्यातही उत्परिवर्तने (जनुकीय बदल) होतात. तेव्हा बदल होतो की नाही यापेक्षा तो नेमका कुठे खपतो, हे पाहायला हवे. फ्लूच्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाच्या डोक्यावर एक लहानसा खळगा असतो आणि त्यानेच विषाणू आपल्या पेशींवरील सियालिक आम्लाला धरतो. खळगा फारसा बदलत नाही, परंतु प्रतिपिंडाचा ठसा (ते चिकटते तेवढी जागा) त्याहून मोठा असल्याने तो भोवतीच्या कडांवरही टेकतो, आणि कडांवरील अमिनो आम्ले बदलली तरी विषाणूचे काहीच अडत नाही, प्रतिपिंडाची पकड मात्र सुटते. याच प्रथिनाचा देठ बराच स्थिर असतो, मात्र आपली प्रतिकारयंत्रणा डोक्याकडेच अधिक वळते. गोवराच्या एच प्रथिनाला ग्राहक (पेशीवरचा ज्या रेणूला विषाणू धरतो तो) धरण्याच्या जागी अशी मोकळीक जवळजवळ नाही. त्यामुळे १९५४ मध्ये वेगळ्या केलेल्या गोवराच्या एडमन्स्टन या विषाणूपासून उतरलेल्या लसी आजही उपयोगी पडतात. पुण्यात तयार होणारी लस त्याच वंशातली आहे.

उत्तर (बालरोगतज्ज्ञ, सिडको):
सरांच्या मुद्द्याला आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूची जोड देतो, कारण पावसाळ्यात धाप लागलेली तान्ही मुले आमच्याकडे येतात, त्यांपैकी अनेकांत हाच विषाणू असतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेली लस बालकांना दिली गेली. प्रतिपिंडे तयार झाली, ती विषाणूला चिकटतही होती, पण त्याला रोखू शकत नव्हती. उलट पुढच्या संसर्गात आजार बळावला आणि दोन बालके दगावली. पेशीत शिरताना विषाणूचे एफ प्रथिन आपला आकार बदलते, आणि सर्वांत प्रभावी प्रतिपिंडे बदलापूर्वीच्या आकारालाच ओळखतात. तो आकार २०१३ मध्ये उलगडला. आज तान्ह्या मुलांसाठी असलेले निर्सेव्हिमॅब हे प्रतिपिंड त्याच आकाराला पकडते.

शिक्षिका:
म्हणजे रक्ततपासणीत प्रतिपिंडांचा आकडा मोठा आला, तरी संरक्षण आहे असे मानू नये का?

निवृत्त प्राध्यापक:
तेवढ्यावरून मानू नये. नेहमीची चाचणी प्रतिपिंडे किती चिकटतात, एवढेच मोजते. निष्प्रभ करण्याची क्षमता तपासायची, तर रक्तद्रव आणि विषाणू एकत्र करून पेशींवर सोडावे लागतात, आणि हे काम गल्लीतल्या प्रयोगशाळेचे नव्हे. शिवाय रक्तातील आयजीजी प्रकारचे प्रतिपिंड फुफ्फुसांत बऱ्यापैकी पोहोचते, नाकात कमी. तिथला पहारा मुख्यतः श्लेष्मल आवरणात स्रवणाऱ्या आयजीए या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडाचा असतो, आणि दंडात टोचलेल्या लसीने ते फारसे तयार होत नाही.