रेंटच्या गाडीवरचा चरा: झीज म्हणायची की नुकसान?

तांबडी_माती, पेडणे:

माझ्या दोन गाड्या रेंटवर असतात. दोन्ही काळ्या पाटीच्या, पिवळ्या अक्षरांच्या, म्हणजे परवान्याच्या. एकीचे हप्ते अजून चालू आहेत. जानेवारी २०२३ मध्ये मोपाला विमानं उतरायला लागली तेव्हापासून काम वाढलं आणि गाडी परत घेतानाची भांडणंही वाढली. "वापरायलाच दिली होती ना, एवढं होणारच" हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. म्हणून माझं मत मांडतो, पटत नसेल तर सांगा.

गाडी भाड्याने दिली की ती झिजणार, हे मला मान्य आहे. टायरची नक्षी, ब्रेक पॅड, वायपरची रबरं, ट्रकमागून येताना खडे उडून बॉनेटवर पडलेले टिपके, दाराच्या हँडलमागे अंगठ्यांनी पडलेल्या रेघा, हे सगळं माझं. त्याचे पैसे भाड्यातच आले. चऱ्याला मी नख लावतो. आडवं नख फिरवलं आणि अडकलं नाही, तर चरा वरच्या थरातच आहे, रबिंग-पॉलिशने जातो, तोही माझा. नख अडकलं तर रंग कापला गेलाय, तिथे गिऱ्हाइकाने पैसे द्यावेत.

आणि वाळू. किनाऱ्यावर गाडी न्यायला गोव्यात बंदी आहे, किल्ली देताना मी तोंडी सांगतो, फॉर्मवरही लिहिलेलं आहे. तरी मागच्या महिन्यात एकजण गाडी मोरजीला पाण्यापर्यंत घेऊन गेला. परत दिली ती धुऊन, लखलखीत. मी ड्रायव्हरची सीट मागे सरकवली तर रुळात करकर वाजलं. पुढच्या चाकाच्या कमानीत हात घातला, ओली वाळू हाताला लागली. जिभेवर ठेवून पाहिली, खारट. त्याचे मी ४,००० कापले आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा कापेन. खाऱ्या पाण्याने गंज धरतो तो सहा महिन्यांनी दिसतो. तेव्हा ते गिऱ्हाईक कुठे आणि मी कुठे!

मुठेकाठ, पुणे:

वाळूचं शंभर टक्के मान्य. नखाचं अर्धंच मान्य, कारण नख तुमचं आणि डिपॉझिटही तुमच्याच हातात. गेल्या डिसेंबरात हणजूणहून गाडी घेतली होती. मालकाचं नाव घेत नाही. मागच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर चार बोटं लांब चरा पडला, कळंगुटच्या एका गल्लीत चिऱ्याच्या गडग्याला घासून. माझी चूक, नाकारत नाही. १०,००० च्या डिपॉझिटमधून ६,००० कापले. पावती मागितली तर "नंतर पाठवतो" म्हणाले, ती आजवर आलेली नाही. फेब्रुवारीत माझ्या मित्राने त्याच माणसाकडून तीच गाडी घेतली. मी फोटो मागवला. तोच चरा, त्याच जागी, न रंगवलेला. गाडी परत देताना त्या चऱ्याचे मित्राकडूनही मागितले. माझ्या फोनमधला तारखेसह फोटो दाखवल्यावर विषय मिटला.

आणखी एक. विमा कंपनी साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा धरते. तुमच्या पाच वर्षांच्या गाडीचा बंपर विमेवाल्यांच्या हिशेबात अर्ध्या किमतीचा, मग गिऱ्हाइकाच्या हिशेबात कोरा करकरीत कसा होतो?

तांबडी_माती:

एकाच चऱ्याचे दोघांकडून मागणं ही चोरी आहे. आमच्यातलेच काहीजण हे करतात आणि वाईट नाव सगळ्यांचं होतं.

पण पैसे घेऊन लगेच रंगवलं नाही म्हणजे फसवलं, हे मान्य नाही. डिसेंबरात गाडी दोन दिवस पेंटरकडे टाकली तर दोन दिवसांचं भाडं जातं. मी तीन-चार चरे साठवतो आणि पाऊस सुरू झाला की एकदम काम करून घेतो. नुकसान झालं त्या दिवशीच झालं, दुरुस्ती कधी करायची ते माझं मी बघेन. आणि विम्याचं म्हणाल, तर छोटासा क्लेम केला तरी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो. पाच वर्षं सांभाळून तो ५० टक्क्यांपर्यंत नेलेला असतो. बंपरच्या कोपऱ्यासाठी कोणता मालक क्लेम करेल?

पाना_स्पॅनर, म्हापसा:

तीस वर्षं गॅरेज चालवतोय. चऱ्यांवर एवढं बोलताय, खरी लूट क्लचमध्ये होते, त्यावर कोणी बोलत नाही. गाडी चोर्ला घाटात बंद पडली की मालक शेवटच्या गिऱ्हाइकाला धरतो, "तू जाळलीस". अरे बाबा, क्लच प्लेट ५० हजार किलोमीटर चालून आलेली, पन्नासजणांनी दाबलेली. शेवटी जो सापडला त्याने पुरी किंमत का द्यायची? उघडून बघा. अस्तर सारखं झिजून रिव्हेटपर्यंत आलं असेल तर ती वयाने गेली, मालकाचा खर्च. प्रेशर प्लेटवर निळे डाग आणि जळका वास असेल तर कोणीतरी चढणीवर हाफ क्लच धरून ठेवला होता. तरीसुद्धा तो कालचाच माणूस होता हे निळा डाग सांगत नाही. मी मालकांना सांगतो, जुना पार्ट गिऱ्हाइकासमोर ठेवा, मगच पैसे मागा. निम्मे मालक ऐकतात.

टायरचंही तसंच. नक्षी १.६ मिलीमीटरच्या खाली गेलेला टायर रस्त्यावर आणायलाच नको, तो फुटला तर मालकाचा. बाजूच्या भिंतीला फुटपाथच्या कडेने काप गेला असेल तर चालवणाऱ्याचा. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

घाटवाट, डिचोली:

ब्रिटनमध्ये बीव्हीआरएलए ही भाड्याने गाड्या देणाऱ्यांची संघटना आहे, तिने याची मापं ठरवून छापली आहेत. प्रायमर किंवा पत्रा दिसत नसेल तर २५ मिलीमीटरपर्यंतचा चरा झीज धरतात, गाडीचं वय आणि धाव बघून. आपल्याकडे असं माप ठरलं तर नखावरून भांडावं लागणार नाही.

तांबडी_माती:

ती मापं दोन-चार वर्षांसाठी लीजवर दिलेल्या गाडीची आहेत. तिथे एकच माणूस वर्षानुवर्षं चालवतो. माझ्याकडे महिन्याला आठ गिऱ्हाइकं. प्रत्येकाला इंचभर चरा माफ केला तर गणेशचवथीपर्यंत गाडीवर रंग उरेल का?

कलम_काडी, पणजी:

आधी पाटीचं बोलते. धागाकर्त्याची पाटी काळी आहे, छान. पण पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त मिळते म्हणून घेणाऱ्यांनी ऐकावं: ती परवान्याविना भाड्याने देणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२अ खाली येतं, १०,००० रुपये दंड. खासगी पॉलिसी भाड्याचा वापर झाकत नाही, त्यामुळे अपघात झाला तर कंपनी क्लेम नाकारू शकते. तिथे चऱ्याची चर्चा करण्यात अर्थच नाही.

आता मूळ प्रश्न. १८७२ च्या करार कायद्यात याचं बरंच उत्तर आहे. कलम १५१ आणि १५२ प्रमाणे दुसऱ्याची वस्तू ताब्यात असताना साध्या शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तेवढी काळजी घ्यायची. तेवढी घेतली आणि तरी नुकसान झालं, तर वेगळा करार नसेल तेव्हा जबाबदारी नाही. कलम ७४ म्हणतं, करारात आकडा लिहिलेला असला तरी तो कमाल आकडा. भरपाई वाजवी तेवढीच. म्हणजे "कुठलाही चरा ५,०००" अशी छापील ओळ आहे म्हणून ५,००० मिळतातच असं नाही. शिवाय २०१९ च्या ग्राहक कायद्यात नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारा करार अन्याय्य धरला आहे. अडचण एवढीच की अन्याय्य कराराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. पुण्याचा माणूस ६,००० साठी राज्य आयोगात खेपा घालणार नाही, हे मालकांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून पावती न देता पैसे कापणाऱ्याची बाजू मी घेणार नाही, मग त्याचं नुकसान खरं का असेना.

माडाखाली, शिवोली:

माझं गेस्टहाउस आहे. जूनमध्ये पाहुण्यांनी रेंटची गाडी आमच्या आवारात लावली, रात्री वाऱ्याने नारळाची झावळ पडली आणि पुढची काच तडकली. मालकाने सगळे पैसे त्या मुलांकडून घेतले. आवारात सात माड आहेत, लावायला दुसरी जागाच नाही. कलमताईंनी सांगितलेल्या हिशेबात ही मुलं कुठे बसतात? माडाखाली गाडी लावायची नाही हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. दिल्लीच्या मुलांना कोण सांगणार?

कलम_काडी:

कोणी सांगितलं नसेल आणि लिहूनही दिलं नसेल, तर माझ्या मते ती मुलं सुटतात. सांगितलं असेल तर नाही.

मुठेकाठ:

मग सांगितल्याचा पुरावा फॉर्मवर हवा. आणि फोटो दोघांनी मिळून काढावेत, दोघांच्या फोनवर. मालक घाईघाईत गाडीभोवती व्हिडिओ फिरवतो, त्यात बंपरचा खालचा भाग येतच नाही.

तांबडी_माती:

माझ्याही एका गाडीवर मागच्या पावसात झावळ पडली होती. काचेचे निम्मे पैसे मी गिऱ्हाइकाकडून घेतले, कारण किल्ली देताना माडाचं बोललो होतो. फॉर्मवर मात्र ती ओळ नव्हती. आज रात्री घालतो. पावतीपुस्तकही म्हापशाहून आणतो, पेंटरचं बिल त्याला टाचून देईन, बिल झाल्यावर, पाऊस लागला की. ६,००० कापून ३,५०० चं काम झालं तर उरलेले परत पाठवेन. चरा रंगवायच्या आधी घसारा वजा करा म्हणाल तर ते मात्र करणार नाही. पेंटर मला गाडीचं वय विचारून सूट देत नाही.

मुठेकाठ:

घसारा रंगावर नको, पण बंपर बदलला तर धरा. एवढं तरी?

तांबडी_माती:

बदलला तर धरेन. वाळूचे पूर्ण घेणार.