भाडेकरूंसाठी ब्रॉडबँड आणि फोन घरमालकाने घ्यावा का?

घरमालक, राजारामपुरी:
सप्रेम नमस्कार. आमच्या वरच्या मजल्यावरील ४ खोल्या शिवाजी विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांना ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराने दिल्या आहेत. प्रत्येक नवा भाडेकरू स्वतंत्र जोडणी घेतो आणि दरवेळी भिंतीला एक नवे भोक पडते. त्यामुळे माझ्या नावावर एकच फायबर जोडणी, सोबत लँडलाइन, घेऊन तिचा खर्च भाड्यातच धरावा असे वाटते. यात काही अडचण संभवते का?

उत्तर (वकील, शाहूपुरी):
जोडणी ज्याच्या नावावर, चौकशी प्रथम त्याच्याकडे येते. एखाद्या मुलाने त्या जोडणीवरून काही गैरप्रकार केला, तर आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरील जोडणीच्या ओळख क्रमांकावरून) आपलेच नाव पुढे येईल. इंटरनेट सेवा विकण्यास केंद्र सरकारचा परवाना लागतो, तेव्हा खोलीगणिक बिल लावून नफा काढण्याच्या फंदात पडू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २९ मध्ये अत्यावश्यक सेवा म्हणून पाणी, वीज, जिन्यातील दिवे, लिफ्ट यांचा उल्लेख आहे, इंटरनेटचा नाही. म्हणूनच ते कोणी द्यायचे, बंद पडल्यास काय करायचे, हे करारात स्पष्ट लिहावे. करार नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ नुसार घरमालकाचीच असते, हे ओघाने सांगतो.

उत्तर (केबल जोडणीचा व्यवसाय):
फायबरवरचा फोन घरातील मोडेमच्या विजेवर चालतो. जुन्या तांब्याच्या तारेला एक्स्चेंजमधूनच वीज मिळत असे, म्हणून दिवे गेले तरी तो फोन वाजायचा. आता मोडेम इन्व्हर्टरवर घ्यावा लागेल. शिवाय जाड भिंतींमुळे एका राउटरची रेंज चारही खोल्यांत पोहोचणार नाही, त्यातही वाय-फायच्या लहरींपैकी ५ गिगाहर्ट्झची २.४ पेक्षा लवकर तुटते. माझ्या मते आपण सेवा देऊच नये, वाट द्यावी: जिन्यातून प्रत्येक खोलीपर्यंत एक रिकामा पाइप टाकून ठेवावा, म्हणजे ज्याला हवी तो आपल्या नावावर जोडणी घेईल आणि भिंतही शाबूत राहील.

उत्तर (माजी भाडेकरू):
माझे घरमालक रात्री १० वाजता राउटर बंद करून झोपायला जात. परीक्षेचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या रात्री मी मोबाइल घेऊन गच्चीवर बसलो होतो. भाड्यात इंटरनेटचे पैसे मात्र पूर्ण धरलेले होते. लँडलाइन तर तीन वर्षांत कोणी उचलल्याचे मला आठवत नाही.

घरमालक, राजारामपुरी:
फोनचा विचार सोडला. गवंड्याला उद्याच बोलावतो. पाइप चारही खोल्यांसाठी स्वतंत्र घ्यावेत की एकच मोठा पुरेल, एवढे कृपया कळवावे.