रोशा गवताचा स्वतःचा वाण करता येईल का?

बांधकरी, शहादा: राम राम मंडळी. दीड एकर रोशा (भट्टीत सुगंधी तेल काढतात ते गवत) आहे, बी लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पती संशोधन संस्थेच्या ‘तृष्णा’ वाणाचं. मधे मधे काही ठोंब भलतेच उंच आणि भरगच्च आलेत. त्यांचं बी वेगळं धरून लावलं तर नवा वाण होईल का? तोरणमाळच्या बाजूला जंगली रोशाही आहे, त्याचं बी मिसळू का?

शेतकरी२१: गवत जास्त तर तेल जास्त. धरा बी बिनधास्त.

भट्टीवाला: नाही हो दादा, असं नसतं. रोशाचं तेल मुख्यतः फुलोऱ्यात, त्याखालोखाल पानात. दांड्यात नावाला. उंच ठोंब म्हणजे भट्टीत नुसते दांडे. सरपण तेवढंच जळतं आणि तेल काही वाढत नाही. उंची सोडा, फुलोरा कुठे दाट आहे ते बघा आणि त्या ठोंबांना चिंध्या बांधा. फुलोरा उमलला की आठवड्याभराने प्रत्येकाचं गवत वेगळं कापून कृषी महाविद्यालयात क्लेव्हेंजरवर लावून घ्या. काचेचा छोटा संच असतो, मूठभर गवत पुरतं, बाजूच्या नळीत तेलाचा थर थेट मोजता येतो. ताज्या गवतात अर्धा टक्का मिळाला तर झकास. तरी हुरळू नका, जीसी (तेलातले घटक मोजणारी चाचणी) करून जिरॅनिऑल बघा, म्हणजे गुलाबासारख्या वासाचा मुख्य घटक. पाऊणशे टक्क्यांच्या आत असेल तर व्यापारी भाव पाडणारच.

आता बियाचं. रोशात परपरागीभवन होतं, त्यामुळे आई तुम्ही निवडली तरी बाप वारा ठरवतो. म्हणून आधी ठोंब फोडून फुटवे लावा, म्हणजे गुण जसाच्या तसा राहील. बीच हवं असेल तर निवडक ठोंबांचे फुटवे बाकी रोशापासून लांब एकत्र लावा, त्यांचं आपसात होऊ द्या आणि त्या बियातून पुन्हा निवड करा. दोन-चार पिढ्या जातील.

जंगली बी आत्ताच नको. रोशात मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार, दिसायला जवळपास सारखे. मोतिया निचऱ्याच्या उतारावर, सोफिया ओलसर सखल जागी. जिरॅनिऑल मोतियात, सोफियाचं तेल हलक्या प्रतीचं. (आपल्या खानदेशाचं तेल पूर्वी मुंबईमार्गे तुर्कस्तानात जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरायचे. ते मोतियाचं!)

बांधकरी, शहादा: काका, मग फुटवे लावून वाढवलं तर नोंदणी होते का?

रोपवाटिका_ताई: २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याच्या वाणाची नोंदणी होते, त्याला फी नाही. पण वाण वेगळा ओळखू यावा, सगळी झाडं एकसारखी असावीत आणि पुढेही तसाच टिकावा लागतो. आजच नोंदवही घाला: कोणता ठोंब, कापणी कधी, तेल किती.

भट्टीवाला: ताई बरोबर सांगतात. आणि थोडे फुटवे दुसऱ्या गावच्या मुरमाड रानात लावून बघा. काळ्या मातीत खतपाण्यावर कुठलाही ठोंब माजतो.