मोटारसायकलवरच्या लांबच्या प्रवासाला बॅगा कोणत्या? अनुभव लिहा

मंडळी, सप्टेंबरात स्पितीचा बेत पक्का झालाय. गाडी हिमालयन ४११, मी एकटाच. शिमल्याकडून चढायचं, काझ्यात मुक्काम, मग कुंझुम खिंड ओलांडून बातल-छत्रूच्या दगडधोंड्यांतून मनालीला उतरायचं. गाडं अडलंय ते बॅगांवर. दुकानात एकच प्रश्न विचारतात, किती लिटरची हवी? लिटरचा हिशेब मी घरी बसून करीन. मला तीन गोष्टी हव्यात. पावसात काय झालं, गाडी आडवी झाली तेव्हा काय झालं, आणि मुक्कामी पोचल्यावर बॅग सुटायला किती वेळ लागला. कंपनीचं नाव नाही सांगितलंत तरी चालेल, रस्ता मात्र सांगा.

चिपळूण, पल्सर २२०

पावसाचं मी सांगतो, आमच्याकडे तो मुबलक आहे. बॅगेवर चढवायच्या रेनकव्हरवर विसंबू नका. कव्हरची पाठ उघडी असते. मागच्या चाकाचं पाणी खालून उडतं आणि त्या उघड्या बाजूनेच आत शिरतं. वर वाऱ्याने कव्हर फुगतं ते वेगळंच. ताम्हिणीत जुलैमध्ये हे हमखास होतं.

तोंड गुंडाळून बंद करायची, ताडपत्रीसारख्या पीव्हीसी कापडाची बॅग घ्या. हवा दाबून काढायची आणि तोंडाला निदान तीन वेढे द्यायचे. त्यासाठी वरचा पाव भाग रिकामा राहिला पाहिजे. गच्च भरली की दीड वेढाच बसतो, आणि दीड वेढ्यातून पाणी जातंच. कपड्यांना आतून आणखी एक जाड प्लास्टिकची पिशवी, खताच्या गोणीत अस्तर असतं तसली.

चेनच्या बॅगा आमच्या तांबड्या चिखलात आधी अडकतात आणि मग फाटतात. घरात असल्याच, तर जुन्या ब्रशने दाते साफ करून वरून मेणबत्ती घासा.

आणि रुंदी बघा! दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाड्या अगदी खेटून लावतात, आणि धक्क्याचा उतार शेवाळलेला असतो. दोन्ही बाजूंना फुगलेल्या बॅगा घेऊन तिथे गाडी वळवणं अवघड जातं.

नाशिक, एक्सपल्स २००

दादा, उंचीचा विषय कुणी काढत नाही म्हणून लिहिते. माझी उंची पाच फूट एक इंच. मागच्या सीटवर उभी टेलबॅग बांधली की पाय पलीकडे टाकताच येत नाही. साइडस्टँडवरच्या गाडीच्या फूटरेस्टवर उभं राहून चढावं लागतं, आणि मऊ मातीत तेवढ्याने स्टँड रुतून गाडी कलते. मी आता टेलबॅग आडवी, कॅरिअरला लागून बांधते. ती सीटच्या वर फार येत नाही.

जड वस्तू सॅडलबॅगेत, म्हणजे सीटच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या बॅगांत, तळाशी आणि पुढच्या बाजूला, म्हणजे आपल्या टाचेच्या जवळ. पाने, ट्यूब, हवेचा पंप, चेनचं तेल सगळं तिथे. कपडे वर आणि मागे. वजन खाली असलं की कलती गाडी गुडघ्याने सावरता येते. तेच वजन वर चढवलं की ठरावीक कोनानंतर ती माझ्या ताकदीबाहेर जाते.

मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लावायच्या पत्र्याच्या पेट्यांबद्दल माझं मत पक्कं आहे. कच्छच्या रणाकडे आमच्यातल्या एकाने मऊ वाळूत तोल जाताना पाय टेकला. गाडी पुढे सरकत राहिली आणि पेटीचा कोपरा मागून पोटरीत बसला. पुढचा सगळा प्रवास त्याने पट्टी बांधून केला. त्याच वाळूत मीही पडले. माझा पाय कापडी बॅगेखाली आला, बॅग दबली, पाय निघाला. कच्चा रस्ता आणि एकट्याने जायचं असेल तर कापडीच घ्या, हे मी अगदी कळकळीने सांगतेय.

सांगली, मागे बसणारी

ताई, तुमचं पटतं, पण दोघं असलो की हिशेब बदलतो. आम्ही नवरा-बायको मनालीहून लेहला गेलो, अॅल्युमिनियमच्या दोन पेट्या आणि सीटच्या मागे वर टॉपबॉक्स, म्हणजे तिसरी पेटी, घेऊन. ढाब्यावर जेवायला बसा, गोंपा (बौद्ध मठ) बघायला वर चढा, कुलूप लावलं की मागे बघायची गरज नाही. कापडी बॅगांना हे सुख नाही. गाटा लूप्सच्या २१ वळणांवर माझ्या पाठीला टॉपबॉक्सचा टेकू होता, त्याची किंमत मागे बसणाऱ्यालाच कळते.

पण वजन! दोन पेट्या आणि त्यांची फ्रेम रिकाम्याच पंधरा किलोच्या आसपास. तांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची प्रसिद्ध पाटी आहे, म्हणून पाच लिटर पेट्रोल जास्तीचं, ते पावणेचार किलो. टॉपबॉक्स मागच्या आसाच्याही मागे लटकतो. त्यात जड काही भरलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल थरथरतं. आम्ही त्यात रेनकोट आणि हातमोजेच ठेवले. मागचं शॉक अॅब्सॉर्बर दोन टप्पे कडक केलं, हेडलाइटचा झोतही खाली घेतला, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांवर येतो.

आणखी एक. खडबडीत रस्त्यावर कपडे पेटीच्या पत्र्यावर घासत राहतात आणि काळे पडतात. ते डाग साबणाने निघत नाहीत. कापडाच्या आतल्या पिशव्या शिवून घ्या. रात्री त्या पिशव्याच तेवढ्या खोलीत न्यायच्या, पेट्या गाडीवरच.

फ्रेम लोखंडीच घ्या. तडा गेला तर लोखंड जोडणारा वेल्डर गावोगाव भेटतो, अॅल्युमिनियम जोडणारा नाही.

नागपूर, क्लासिक ३५०

बाकी काहीही घ्या, हुकवाली रबरी दोरी घेऊ नका. ताणताना हुक सुटला की सरळ डोळ्याकडे येतो. बकलवाले पट्टे वापरा आणि पट्ट्याचं लोंबणारं टोक गुंडाळून खोचा, ते चेनमध्ये गेलं तर चाकच अडकतं. पट्टा तुटलाच तर पंक्चरच्या दुकानातून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून घ्या, मस्त धरतात.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. कापडीच घेतो. पण हिमालयनचं सायलेन्सर उजवीकडे वर उचललेलं आहे, ती बॅग भाजणार नाही का? आणि गाडी चंदीगडपर्यंत रेल्वेने पाठवतोय, तेव्हा काय काळजी घेऊ?

कोल्हापूर, गॅरेजवाला

भाजणार, स्टे (बॅगेला सायलेन्सरपासून लांब धरणारा आधार) बसवला नाही तर. डावीकडे साडी गार्डचा आधार मिळतो, उजवीकडे काहीच नसतं. लोखंडी नळीचा स्टे लावा. बॅगा भरा, मागे एखाद्याला बसवून सीट दाबायला लावा आणि तेव्हा बघा. रिकाम्या गाडीवर चार बोटं दिसणारी फट खड्ड्यात राहत नाही. त्याच वेळी मागे उभं राहून इंडिकेटर, ब्रेक लाइट आणि नंबर प्लेट दिसतेय का तेही बघा. पेटीवाल्यांसाठी, २०२० मध्ये मोटार वाहन नियम १२३ मध्ये मापं आलीत: लांबी ५५० मिमी, रुंदी ५१०, उंची ५००. पेटी मागच्या सीटच्या जागेवर असेल तर गाडीवर एकट्यानेच बसायचं.

टाकीवर ठेवायची टँकबॅग घेणार असाल तर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, हॉर्नचं बटण बॅगेवर दाबलं जाता कामा नये. तुमची टाकी पत्र्याची आहे, लोहचुंबकवाली बसेल. वर प्लास्टिक असलेल्या टाक्यांवर ती धरत नाही.

रेल्वेत टाकी रिकामी करूनच गाडी घेतात. बॅगा गाडीवर ठेवू नका, त्या सोबत न्या. स्टेला आणि आरशांना गोणपाट गुंडाळा, आरसे आतल्या बाजूला वळवा. दहा नंबरचा पाना आणि पेट्रोलची नळी हातातल्या बॅगेत ठेवा. चंदीगडला पार्सल ऑफिसच्या बाहेर पहिलं काम त्यांचंच लागेल.